चूल मांडलेली लॉरी

आम्ही नाशकाहून घर घेऊन निघालो आणि रिकामी लॉरी घेऊन परत आलो, ही गोष्ट आता आमच्या आळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक झाली आहे. घर कुठे गेलं, हे मात्र प्रत्येकाला वेगवेगळं ठाऊक आहे. कोणी म्हणतं घाटात कोसळलं. कोणी म्हणतं रानात चोरांनी पळवलं. समोरच्या तांबटाचं म्हणणं असं की ते मुळात पुठ्ठ्याचं होतं आणि दवाने विरघळलं. रोज संध्याकाळी तोच खुलासा करून माझा घसा बसला, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तांबटाने वाचून दाखवावं. तेवढाच त्याचा उपयोग.

नाशिक

मी गाड्या बांधतो. टांगे, दमण्या, छकडे, लग्नाच्या बग्ग्या. गाडीत बसून कुठे जायची हौस मला कधीच नव्हती; आचाऱ्याला जेवणावळीची नसते तशी. पण मोटारी आल्या, टांग्यांची कामं आटत चालली, आणि माझ्या कारखान्यातले चार कारागीर दुपारी झोपा काढायला लागले. झोपलेल्या कारागिराकडे बघताना मालकाला काय वाटतं ते मालकालाच कळतं.

आमच्या मंडळींचा धाकटा भाऊ बापू लढाईच्या दिवसांत बसऱ्याला लष्कराच्या मोटारी हाकून आला. परत येताना अंगावर एक खाकी डगला आणि डोक्यात मोटारीचं वेड एवढंच घेऊन आला. पुढे लष्कराने लिलावात काढलेली एक लॉरी त्याने मिळवली. पुढे इंजिनाचं लांब नाक, त्यामागे दोघांपुरती बैठक आणि पाठीमागे नुसता उघडा हौदा. एखाद्या माणसाला विजार नसावी तशी ती दिसायची.

अशात बातमी आली की जव्हार संस्थानचे खाजगी कारभारी मुक्कामाची मोटार शोधताहेत. दौरा निघाला की तंबू, खाटा, भांडी सगळं बैलगाड्यांतून दोन दिवस आधी पुढे पाठवावं लागतं. त्यापेक्षा मोटारीवरच राहायची सोय कोणी करून देत असेल, तर त्याने नमुना आणून दाखवावा. मार्गशीर्षातल्या पहिल्या शनिवारी दुपारी ते दौऱ्यावर निघणार होते, त्याच्या आत. हे काम मिळालं असतं तर कारखाना उभा राहिला असता. नाही तर चौघांनाही सांगायचं होतं की बाबांनो, दुसरीकडे बघा. हे मी घरात कोणाला बोललो नव्हतो.

मी बापूच्या हौद्यावर घर बांधलं. दीड महिना खपलो. सागाची चौकट, सागाच्याच फळ्या, त्यावर रोगणाचे तीन हात. पाठीमागे दार, दाराला पितळी कडी-कुलूप, उतरायला घडीच्या पायऱ्या. भिंतीला बिजागऱ्यांवर खाली येणारा पलंग. मसाल्याला कप्पे, डाळ-तांदळाला खण, टोपीला खुंटी, काठीला वेगळी खुंटी. पाण्याच्या चार छागली, म्हणजे जाड कापडाच्या पिशव्या, बाहेरून टांगलेल्या. आत देवघर, कारण आमच्या मंडळींनी आपला बाळकृष्ण बरोबर दिल्याशिवाय मला उंबरा ओलांडू दिला नसता. आणि दाराशेजारी, पत्र्याच्या तबकडीत, मातीची चूल.

चुलीवरून बापूचं आणि माझं वाजलं. तो म्हणाला, "दाजी, स्टोव्ह घ्या. बसऱ्याला आमचा साहेबसुद्धा स्टोव्हवर खायचा."

"तुमच्या साहेबाला स्टोव्हची भाकरी चालत असेल," आमच्या मंडळींनी आतून सांगितलं, आणि माती कालवून स्वतःच्या हाताने चूल मांडून, सारवून दिली. त्यावर बोलायची बापूची काय बिशाद, आणि माझीही.

दुसरं भांडण वजनाचं. प्रत्येक खणागणिक बापू लॉरीच्या चाकांवरच्या कमानी किती दबल्या ते वाकून बघायचा आणि उसासा टाकायचा. शेवटी त्याने विचारलं, "दाजी, तुम्ही लॉरीवर घर बांधताय, का घराला चाकं लावताय?" उत्तरादाखल मी बारा बोल्ट घातले आणि त्यांची टोकं घणाने ठोकून चपटी केली, म्हणजे ते घर लॉरीवरून पुन्हा कधी सुटायला नको. ठोकताना सगळ्या आळीला बोलावलं होतं. वरून नक्षीच्या पट्ट्या मारून बोल्ट झाकून टाकले. आता प्रलयात लॉरी गेली तरी घर सुटणार नाही, असं मी तांबटाला म्हणालो. तो माणूस हे वाक्य अजून विसरलेला नाही.

कसाऱ्याहून खोडाळा, खोडाळ्याहून मोखाडा

रविवारी निघालो. त्र्यंबकाकडचा घाट मोटारीला बरा नाही असं कळलं होतं, म्हणून कसाऱ्याला उतरून खोडाळ्याच्या वाटेला लागलो. घाटात काय काय झालं ते सांगत नाही. बापू पुढे बघत होता आणि मी डोळे मिटून होतो, त्यामुळे आम्हा दोघांचं वर्णन जुळायचं नाही.

खोडाळ्याला बाजार होता. सुकी मासळी, मीठ, मातीची मडकी, बायकांच्या डोक्यावर गवताचे भारे. बाजार दोन घटका थांबला आणि आमच्याभोवती उभा राहिला. नाशकात नवी गाडी आली की लोक आधी विचारतात, केवढ्याला. इथे कोणी तसं विचारलं नाही. एका म्हाताऱ्याने लॉरीच्या नाकावर हात ठेवला, ते गरम लागलं, तेव्हा तो बापूला म्हणाला, "दमलीय. पानी पाज तिला." बापूने इंजिनात पाणी ओतलं तेव्हा म्हाताऱ्याला समाधान वाटलं. माझ्या नक्षीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे मोखाड्यापर्यंत डोंगर, दरी, पुन्हा डोंगर. उतारावर नागली कापून झालेली, खाली भाताची खाचरं मोकळी पडलेली, मधून मधून कारवीच्या कुडाची पाच-सात घरं. चढ आला की बापू म्हणायचा, "दाजी, खण उतरा." म्हणजे मी खाली उतरून वजन कमी करायचं. मी स्वतः बांधलेल्या घराच्या मागून पायी चालत अर्धा मुलूख पाहिला. पण पाहिला हे खरं. घरात बसून तो दिसला नसता, कारण खिडकी मी एकच ठेवली होती आणि तीही स्वयंपाकाचा धूर जायला.

मंगळवारी दुपारी मोखाडा मागे टाकून संस्थानच्या हद्दीवरच्या नाक्यावर पोचलो. नाक्यावरच्या गृहस्थांनी लॉरीभोवती एक फेरी मारून विचारलं, "हे काय म्हणायचं?"

"घर," मी म्हणालो. "फिरतं घर. आत चूल आहे, देव आहेत. बघायचं असेल तर बघा."

"घर नाक्यावरून जाताना मी आजवर पाहिलं नाही," ते म्हणाले, आणि अडसर वर केला. मला फार बरं वाटलं. नाक्यावरचे चार-पाच गावकरी हे ऐकत होते. त्यांतला एक आमच्या आधी आडवाटेने पुढच्या पाड्यावर पोचला असला पाहिजे, हे मला मागाहून कळायचं होतं.

पाड्यावर

सूर्य खाली गेला तसं मुक्काम करायचं ठरलं. बापूला रस्त्यावरच थांबायचं होतं. पण रस्ता कलता, चुलीवरचं भांडं कलंडायचं, म्हणून मला सपाट जागा हवी होती. त्या मुलखात सपाट जागा दिसली की डोळ्यांना बरं वाटतं. ती सपाट का आहे, हा विचार नाशिकच्या माणसाच्या डोक्यात येत नाही. एका लहानशा पाड्याखाली मला छान, बांधबंदिस्तीची, सपाट जागा दिसली. बापू नको नको म्हणत असता मी लॉरी तिथे घ्यायला लावली.

ते भाताचं खाचर होतं. वरून सुकलेलं, आतून ओलं. मागची चाकं हळूहळू बसायला लागली तेव्हा मी पलंग खाली घेत होतो, आणि पलंग आपोआप तिरपा होतो आहे हे पाहून मला बिजागरीची शंका आली.

तेवढ्यात पाड्यावरून एक बाई आली. चाळिशीची, काटक, डोक्यावर लाकडांची मोळी, कमरेला कोयती. तिचं नाव सोमी. तिने मोळी आमच्या पायऱ्यांशी टाकली आणि विचारलं, "खालास का?"

त्या बाजूला सगळेच सगळ्यांना 'तू' म्हणतात; वयाचा, पागोट्याचा काही संबंध नाही. पहिल्यांदा माझ्या कानाला ते लागलं.

"लाकडं कशाला? आमच्याकडे कोळसा आहे," मी म्हणालो.

"भाकर आनू? नागलीची हाय. उडदाचां भुजां हाय."

"काही नको. आम्हाला कोणाचं काही लागत नाही. सगळं घरात आहे. बघ." आणि मी तिला एकेक खण उघडून दाखवला. मसाल्याचे कप्पेसुद्धा. ती पायरीवर उभी राहून सगळं बघत होती. शेवटी तिने चुलीकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं, मोळी उचलली आणि गेली. त्या वेळी मला वाटलं बाई चकित झाली.

बुधवारी सकाळी मागचा कणा चिखलावर टेकला होता. बापूने बसऱ्याच्या युक्त्या एकामागून एक काढल्या. जॅक लावला, तो जमिनीत गेला. फळ्या घातल्या, त्या जॅकच्या मागोमाग गेल्या. दुपारपर्यंत आम्ही दोघे गुडघ्यापर्यंत चिखलात होतो आणि लॉरी आमच्याहून थोडी जास्त.

पाडा पन्नास पावलांवर. खळ्यावर बैल नागलीवर गोल फिरत होते, माणसं सूप घेऊन उभी होती, आमच्याकडे बघत होती. मी वर गेलो. चार बैल आणि दहा माणसं द्या म्हणालो.

सगळ्यांनी सोमीकडे पाहिलं. मग सोमी म्हणाली, "तुला कोनाचां काय लागत नाय ना?"

तिने टोमणा मारला असता तर मी तिला उत्तर दिलं असतं. पण तिने अगदी साधेपणाने विचारलं. मी सांगितलं ते त्या लोकांनी खरं मानलं होतं. शनिवार डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि आमचे चार कारागीर. मी खळ्याच्या कडेला बसलो. "लागतं," मी म्हणालो. "चुकलं माझं. शनिवारच्या आत जव्हारला पोचलो नाही तर माझा कारखाना बसेल. चार माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे, बाई."

खळ्यावरचा एक वयस्क माणूस पुढे आला. हा चैत्या भगत. पाड्याचं देवाधर्माचं सगळं त्याच्याकडे. तो म्हणाला, "गाडी रूतली अस्ती तं कालच काढली अस्ती. पन हां घर हाय. घर कोन असांच हलवतां का? आदी जागंला इचारायला लागतां."

"अहो, ती गाडी आहे!"

"नाक्यावर तूच घर म्हनलास," चैत्या म्हणाला.

"चूल हाय," सोमीने बोटांवर मोजलं. "देव हाय. दार हाय. काल तू भात रांधलास. गाडीत कोन चूल मांडतां?"

बापू माझ्याकडे बघत होता. स्टोव्हचं नाव त्याने काढलं नाही, हे त्याचे उपकार मी विसरणार नाही.

दाणे

त्या डोंगरातली रीत अशी. घर बांधायचं तर जागा आपण पसंत करायची नसते; जागेने आपल्याला पसंत करावं लागतं. संध्याकाळी जागेवर तांदळाचे दाणे दोन-दोन जोडून मांडतात, वर पान झाकतात. सकाळी पान उचलायचं. दाणे जुळलेले राहिले तर जागा राजी आहे. फाकले तर तिथे घर ठेवायचं नाही, ठेवलं तर घरालाही बरं नाही आणि पाड्यालाही. आमच्याकडे वास्तुशांत करतात ती घर बांधून झाल्यावर; म्हणजे सगळं करून सवरून मग परवानगी मागायची. इथे आधी विचारतात. मला ही रीत तेव्हा पटली नाही, आता पटते.

बुधवारी संध्याकाळी लॉरीखाली दाणे मांडले. गुरुवारी सकाळी पान उचललं, तर दाणे चारी दिशांना. एक तर नाहीसाच झालेला. मी खाली वाकून बघितलं आणि मला कारण ताबडतोब सापडलं.

"मुंग्या आहेत," मी म्हणालो. "माझी साखर सांडली होती. मुंग्यांनी नेले."

चैत्याने शांतपणे विचारलं, "मुंगी कुठली? जागंचीच ना?"

यावर नाशकात कोणी शास्त्री उत्तर देऊ शकेल तर त्याने मला कळवावं.

जागा नाराज आहे म्हटल्यावर मात्र सगळं बदललं. घर नको त्या जागेवर उभं, म्हणजे तो आता माझा प्रश्न राहिला नाही, सगळ्या पाड्याचा झाला. खळ्यावरचे बैल सोडले. वर मोहाच्या झाडाखाली माळावर दुसरी जागा पाहिली, तिथे संध्याकाळी दाणे मांडायचं ठरलं. आणि चैत्याने मला सांगितलं, "तंवर तुझां घर खालच्या चाकांवरून सोडव. चाकां नाय उचलायची आमी. घर तेवढां उचलू."

बापू म्हणाला, "दाजी, दुसरा मार्ग नाही. घर उतरलं की लॉरी हलकी होईल, निघेल. मग पुन्हा वर चढवू." मीही तेच समजलो. म्हणून मी माझ्या नक्षीच्या पट्ट्या उचकटल्या, आणि आळीसमोर ठोकलेले बारा बोल्ट लोखंड कापायच्या करवतीने एकेक करून स्वतः कापायला बसलो. कुठला बोल्ट कुठे आहे ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. दिवस त्यातच गेला. हाताला फोड आले, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं.

सोमी नागली पाखडून आली आणि बांधावर बसून बघत राहिली. "घट बांधलां होतास," ती म्हणाली. सबंध प्रवासात माझ्या कामाची ही पहिली स्तुती.

मी तिला विचारलं, तिचं घर कुठलं.

"जळलां. होळीच्या सुमाराला वनवा आला, एक माझांच घेतलां. आता दिराच्या पडवीत हाय."

"मग?"

"मंग काय? पाऊस सरला, नागली झोडून झाली का बांधू. कारवी आनायची हाय." तिने वर मोहाच्या झाडाकडे पाहिलं. "जागा तीच पाहिली होती मी."

मी करवत चालवत राहिलो. त्या रात्री तिची नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं, म्हणजे दाट कालवण, आम्ही दोघांनी खाली मान घालून खाल्लं. भुजं तिखट होतं आणि फार चांगलं होतं.

शुक्रवारी सकाळी मोहाखालचं पान उचललं. दाणे जुळलेले, जोडीला जोडी लागून. पाड्यात एकच गलका झाला. ऐनाचे चार लांब वासे आले, ते घराखालून आरपार घातले, आणि बाया-पुरुष मिळून वीसजणांनी माझं सागवानी घर खांद्यावर घेतलं. आत मसाल्याचे कप्पे खडखडत होते. चैत्या पुढे, मी मागे, अनवाणी. बांध चढून, ओढ्याच्या कडेने, माळावर. वाटेत एक फळी हलली नाही, हे मी सुतार म्हणून सांगतो. दगडांचा चौथरा रचून ठेवला होता, त्यावर घर टेकलं. सोमीने तिच्या दिराच्या चुलीतला विस्तव आणून माझ्या चुलीत घातला. मला वाटलं, चहा होतोय.

लॉरी दोन बैलांनी, बापूने नुसती मागून हाळी देताच, खाचरातून निघाली.

"चला," मी म्हणालो, "आता घर वर घेऊ."

कोणी हललं नाही. मघाशी ज्यांनी हसत खांदा दिला ते वीसजण माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसे बघत होते.

"बसलेलां घर कोन उचलतां?" चैत्या म्हणाला. "जागंनी घेतलां. चूल पेटली."

मी रागावलो. विनवलं. शनिवारचं पुन्हा सांगितलं. सोमीच्या दिराला बाजूला घेऊन समजावलं. त्या सगळ्यांच्या तोंडावर माझ्याबद्दल मनापासून वाईट वाटल्याचं दिसत होतं, पण घराला हात लावायला एक माणूस पुढे झाला नाही. आम्ही दोघे आणि एक जॅक, एवढ्यावर ते घर उचललं जाण्यातलं नव्हतं. ते मी इतकं घट बांधलं होतं.

"निदान देव तरी नेऊ का?" मी विचारलं.

"देव तुझा. चूल जागंची," चैत्या म्हणाला.

मी बाळकृष्ण कोटाच्या खिशात ठेवला आणि दाराला कुलूप घालायला लागलो. सोमीने हात धरला. "कुलूप नको घालूस. चूल थंडी राहून चालत नाय. रोज पेटवायला लागल. तू येशील तंवर मी पेटवीन."

मी कुलूप खिशात टाकलं, बाळकृष्णाच्या सोबतीला.

जव्हार

शनिवारी सकाळी जव्हारला पोचलो. पठारावरचं गाव, हवा गार, बाजारात रानातला मध आणि घोंगड्या. मी काही बघितलं नाही. हौद्यात ताडपत्रीखाली आमची भांडी आणि अंथरुणं, त्यावर चिखल. कारभारी कुठे लोडाला टेकून बसलेले नव्हते. जोडे घालून अंगणात उभे, सामानाच्या गाड्या भरून घेत होते. त्यांनी लॉरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुक्कामाची मोटार दाखवायला आलात ना?"

"होय."

"मुक्काम कुठे आहे?"

खोटं सांगायला सुचलं असतं तर मी सांगितलं असतं. पण तीन रात्री नीट झोप नव्हती, तेव्हा सगळं खरंखरं सांगून टाकलं. ते त्याच मुलखात वाढलेले. मध्ये एकदाच बोलले.

"चूल मातीची होती?"

"आमच्या मंडळींनी स्वतः मांडून दिली होती."

"मग झालं," ते म्हणाले आणि इतके हसले की गाडीवान बघायला लागले. हसून झाल्यावर त्यांनी हौद्याच्या कडेला वाकून कापलेल्या बोल्टांचे बुंधे बघितले, मोजले. "किती माणसांनी उचललं म्हणालात?"

"वीस. न मोडता, बांध चढून."

"आमच्याकडे लॉरी एकच घ्यायची आहे. मुक्कामावर खोली खाली ठेवायची आणि लॉरीने दाणागोटा आणायला पुढे जायचं, असं काही मला हवं होतं. वीस माणसांनी उचलता येईल अशी खोली बांधून आणा. बोल्ट ठोकू नका." ते सामानाच्या गाड्यांकडे वळले, पुन्हा थांबले. "आणि मिस्त्री, स्टोव्ह ठेवा. नाही तर महाराजांची खोली एखाद्या पाड्यावर बसेल आणि ती मागायला मला जावं लागेल."

बापूने तोंड दुसरीकडे केलं, पण त्याचे खांदे हलताना मला दिसले. मला हसूही येईना आणि रडूही. दीड महिना खपून जे बांधलं ते न दाखवता, आणि जे करायला मी ठाम नकार दिला होता ते करायच्या अटीवर, मला काम मिळालं होतं.

परत

परतताना सोमवारी पाड्याशी लॉरी रस्त्यावरच थांबवली. बापू म्हणाला, "दाजी, आता घाई नाही. दोर आहे, उतार आहे. जमवू का?" मी एकटाच वर चढलो.

माझ्या घराच्या छपरावर नागली वाळत होती. भिंतींना, तीन हात रोगण दिलेल्या सागाच्या भिंतींना, खालपासून वरपर्यंत शेणाचं सारवण. मी दारात उभा राहिलो तो तसाच. आतून चुलीचा धूर येत होता. काठीच्या खुंटीवर कोयती, टोपीच्या खुंटीवर सूप. दार माझं, पण आत पाऊल टाकायची मला छाती होईना.

"कोन हाय?" सोमीने आतून विचारलं. मग मला बघून म्हणाली, "ये. खालास का?"

"नाही," मी म्हणालो.

मी आत जाऊन बसलो. तिने पानावर भाकरी वाढली. आमच्या मंडळींनी मांडलेल्या चुलीवरची, नागलीची. भाकरी थापता थापता तिने सगळं सांगितलं. पलंग वर बांधून ठेवलाय, जागा खातो. खण बरे आहेत, उंदीर शिरत नाही. खिडकी मात्र चुकलीय, धूर परत आत येतो. "दुसरां बांधशील तं खिडकी उगवतीला ठेव," ती म्हणाली. नव्या कामात मी खिडकी उगवतीलाच ठेवली आहे.

निघताना तिने हात पुसले आणि चुलीकडे बघत विचारलं, "नेनार हायेस?"

तिने ते सरळ विचारलं, पण उत्तर ऐकायला ती माझ्याकडे बघत नव्हती. मी खिशातून किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"कुलूप तुज्याकडं हाय," ती म्हणाली. "आमाला कशाला किल्ली?"

तर ते कुलूप आता बापूच्या हत्यारांच्या पेटीला आहे आणि किल्ली माझ्या कारखान्यात दाराजवळ टांगली आहे. तांबटाने येऊन बघावी. घर कुठे गेलं, असं पुन्हा कोणी विचारू नये. बापू परत आला, मी परत आलो, खिशातला देवही परत आला. निघालेल्यांपैकी मुक्कामाला पोचलं ते घर तेवढं.